एकसष्ट क्रमांकाची नळी

"खरं सांगा, पंचफुलाबाई. कोणतं पाणी वापरलंत?"

"डिस्टिलचंच, म्याडम."

"शेवटचं खंगाळणंसुद्धा?"

"हाव ना जी. त्या निळ्या क्यानीतलं."

मी निळी कॅन उचलून पाहिली. ती निम्मी भरलेली होती. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. एप्रिल महिना होता. सकाळी सहा ते बारा आणि संध्याकाळी पुन्हा चार तास वीज नसे. उरलेल्या वेळात ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातून जे शुद्ध पाणी निघे, त्यातच रसायनेही बनवायची आणि नळ्याही धुवायच्या. ते कुणाला पुरले नसते.

मी रजिस्टर तिच्यापुढे धरले. तिला इंग्रजी वाचता येत नसे, पण आकडे येत.

"हा पाहा. तेरा पूर्णांक सहा. माणसाच्या रक्तात कॅल्शियम साडेआठ ते साडेदहा असतं. साठ माणसं झाली, एकाचंही अकराच्या वर गेलं नाही. हा एकटाच कसा गेला?"

"कोनता नंबर हाय हा?"

"एकसष्ट."

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि पुन्हा सोडवले.

"आपल्या नळाचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हणाले. "त्या पाण्याने नळी धुतली, तशीच वाळली, की क्षार आत चिकटून राहतात. मग यंत्र मोजतं ते रक्तातलं नसतं, नळीतलं असतं. अभ्यास सुरू व्हायच्या आधी, जानेवारीत, हेच झालं होतं ना?"

"झालं होतं."

"तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं?"

"नाई."

"आताही सांगणार नाही. पण खोटं बोललात, तर मात्र सांगावं लागेल."

ती मोरीकडे पाहत राहिली. नळ गळत होता, आणि थेंब पडायचा त्या जागी सिमेंटवर खडूसारखा पांढरा गोल झाला होता.

"म्हंजे टूब खराब असंन तं आकडा वाढते?"

"हो."

"अन् मानसात काई नसते?"

"त्या आकड्याचा माणसाशी मग संबंधच उरत नाही."

तिने मोरीतली एक नळी उचलून उजेडाकडे धरली आणि परत ठेवली. मग ती म्हणाली, "मंग नळाचंच असंन, म्याडम. घाई झाली. चुकलं माह्यं."

प्रामाणिकपणाबद्दल मी तिचे आभार मानले. लाल पेन्सिलीने १३.६ या आकड्यावर एक सरळ रेघ ओढली, वर 'नमुना दूषित' असे लिहिले, आणि खाली सही करून तारीख घातली. प्रयोगशाळेच्या नोंदीत खोडायचे नसते. एकच रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. हा नियम मी कधी मोडला नाही. म्हणूनच तो आकडा आजही वाचता येतो.

याला आता अठरा वर्षे झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. जीवरसायनशास्त्रातली पदवी घेऊन नागपूरहून खारपाणपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रुजू झाले होते. त्या भागात विहिरीचे पाणी ओठाला लावले तरी खारट लागते, आणि मूतखडा घरोघरी असतो. पाण्यामुळेच खडे होतात, हे तिथे सर्वांना इतके पक्के माहीत होते की ते कुणी तपासले नव्हते. न तपासलेल्या गोष्टी पक्क्या माहीत असणाऱ्या लोकांची मला तेव्हा चीड येई.

शल्यचिकित्सक डॉ. मोहरील यांनी अभ्यास आखला: मूतखड्याचे ऐंशी रुग्ण, चाळीस निरोगी माणसे, आणि सर्वांच्या रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि युरिक ॲसिड. रुग्ण निवडणे त्यांच्याकडे, मोजणे माझ्याकडे. मोजणाऱ्याला नमुना कुणाचा हे कळता कामा नये, म्हणून नळीवर फक्त क्रमांक असे, आणि नावांची यादी डॉक्टरांच्या कपाटात मोहरबंद पाकिटात. पहिल्याच दिवशी मी पंचफुलाबाईला बजावले होते, "रक्त द्यायला कोण आलं, कोण गेलं, ते तुम्हाला दिसेल. पण माझ्यापुढे कुणाचंही नाव घ्यायचं नाही. एक नाव कळलं, तरी सगळा अभ्यास वाया जाईल."

आणखी एक खबरदारी माझी स्वतःची होती. रजिस्टरमध्ये प्रत्येक माणसाची एक आडवी ओळ आणि प्रत्येक चाचणीचा एक उभा रकाना असे. मी एका दिवशी एकच चाचणी करी आणि एकच रकाना भरी. शेजारच्या आकड्याने मन कलुषित होऊ नये, म्हणून लाकडी पट्टी उभी धरून बाकीचे रकाने झाकून घेई. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. तिचा मला अभिमान होता.

पंचफुला तायडे अकरा वर्षे रोजंदारीवर नळ्या धुवत होती. बेताची उंची, रुंद कपाळ, आणि हाताची बोटे आम्लाने पिवळी पडलेली. तिचा नवरा देवमन पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, निवडणुकीच्या भिंती यांवर त्याचा संसार चाले. आमच्या दारावरची 'रक्त तपासणी विभाग' ही पाटीही त्याचीच. येणाऱ्याजाणाऱ्याला ती थांबवून दाखवी. "पाहा, पट्टी लावल्याबिगर काढलं हाय. रेघ हालली का कुठी?" रेघ खरोखरच कुठे हलली नव्हती.

एकसष्टचे काय करायचे, हे विचारायला मी त्याच दिवशी डॉ. मोहरील यांच्याकडे गेले. ते ऑपरेशन आटोपून चहा पीत होते.

"तोच नमुना पुन्हा लावून पाहा की," ते म्हणाले.

"सीरम उरलाच नाही. काल फॉस्फरसला गेला, शेवटचा थेंब आज कॅल्शियमला."

"मग?"

"रुग्णाला परत बोलावलं तर..."

"म्हणजे पाकीट फोडायचं. उद्या जर्नलवाले विचारतील, मधेच का फोडलंत? काय उत्तर देणार, राजूरकर?" त्यांनी बशीत चहा ओतला. "नळी दूषित होती, ही तुमची खात्री आहे ना?"

"धुणाऱ्या बाईने कबूल केलं आहे."

"मग प्रश्नच मिटला. काढून टाका."

मी काढून टाकला. आठवडाभरात बाकीचे नमुनेही मोजून झाले, आणि कोणते क्रमांक रुग्णांचे एवढेच, नावे न सांगता, डॉक्टरांनी कळवले. उरलेल्या रुग्णांची सरासरी ९.४ आली, निरोगी माणसांची ९.३. फरक नगण्य होता. मूतखडा असलेल्या माणसाच्या रक्तात कॅल्शियम जास्त असते, हा गावातल्या निम्म्या डॉक्टरांचा समज आमच्या आकड्यांनी खोटा ठरत होता. मला मनापासून समाधान वाटले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, दुपारचा डबा खाऊन झाल्यावर पंचफुलाबाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"म्याडम, एक विचारू? कामाचं नाई."

"विचारा."

"आमच्या घरचे लय थकले जी. शिडीवर चढवत नाई. हाडं दुखतात म्हंतात, रात्री घागरभर पानी पितात अन् घागरभर लघवीले जातात. पोट साफ होत नाई. बोलनं तं बंदच. परवा लग्नाचा बोर्ड रंगवता रंगवता रडू लागले. म्या म्हनलं, पोरगी काय तुमची हाय का, कायले रडता? तं म्हने, मालूम नाई."

मी तिची यादी ऐकून घेतली. एकाच माणसाला इतक्या ठिकाणी दुखते तेव्हा बहुधा कुठेच दुखत नसते, अशी माझी त्या काळची समजूत होती.

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं ना. दोनदा खडा पडला त्याईचा. तिसरा हाय म्हने, पन बारीक हाय. पानी प्या म्हनले. म्या कुळथाचं पानी देतो, अन् सकाळी अनशा पोटी पानफुटीचं पान."

"त्याने काही होत नाही, पंचफुलाबाई."

"होत नाई तं नाई. पान तं हिरवं हाय, नुसकान तं नाई करत." ती हसली आणि लगेच गंभीर झाली. "म्याडम, त्याईचं रक्त..."

"थांबा." मी हात वर केला. "ते आपल्या अभ्यासात आहेत की नाहीत, हे मला सांगू नका."

तिचे तोंड उघडेच राहिले. मग तिने मान डोलावली. "नाई सांगत. तुमी पयल्याच दिवशी सांगतलं होतं."

मला तिचे कौतुक वाटले. अकरा वर्षे नळ्या धुणाऱ्या बाईला नियमाचे मर्म कळले होते. या कौतुकाच्या भरातच मी टेबलाचा खण उघडला. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी जाता जाता जे नमुने ठेवून जात, ते त्यात पडलेले असत. मी गोळ्यांची दहा पाकिटे काढून तिच्यापुढे ठेवली.

"रोज दोन द्या. हाडांचं दुखणं कमी होईल."

तिने एक पाकीट उलटसुलट करून पाहिले. "कायच्या हायेत?"

"कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व."

"क्यालशियम?" तिने पाकीट खाली ठेवले. "हे तं खड्यातच असते ना जी? तुमीच सांगतलं होतं."

प्रश्न बरोबर होता. त्या खोलीत मी आल्यापासून विचारला गेलेला तो सर्वांत बरोबर प्रश्न होता. आणि मी त्याचे उत्तर देण्याच्या पूर्ण तयारीत होते.

"तो जुना समज आहे. खड्यात असतं म्हणून रक्तात जास्त असतं, असं नाही. आपण इतक्या लोकांचं रक्त कशाला तपासलं? मूतखडेवाल्यांचं कॅल्शियम चांगल्या माणसांइतकंच निघालं."

"साऱ्याइचं?"

"सगळ्यांचं."

तिने पाकिटे एकेक करून पदरात बांधली. "तुमी म्हंता तं देतो," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाचं ते ऐकतही नाईत."

मे महिन्याच्या चोविसाव्या तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास, तातडीच्या विभागातून एक नमुना आला. तातडीच्या नमुन्यावर नाव असते. चिठ्ठीवर लिहिले होते: देवमन सखाराम तायडे, वय सत्तेचाळीस, दोन दिवस उलट्या, बरळणे, शुद्ध हरपत आहे. उष्माघात?

पंचफुलाबाई वॉर्डात होती, त्यामुळे नळी मीच धुतली. निळ्या कॅनमधल्या पाण्याने तीनदा खंगाळली आणि उजेडाकडे धरून पाहिली. विभागाला जनरेटरचा फक्त एक फाटा मिळे. पंखा बंद करून मी त्यावर यंत्र चालू केले. आमच्या पद्धतीत कॅल्शियम जितके जास्त, तितका नळीतला जांभळा रंग गडद होतो. रसायन घालताच त्या नळीत जो रंग आला, तो मी तोवर एकदाच पाहिला होता.

१७.२. दुसऱ्या नळीत १७.१. तिसरी नळी नवी कोरी, खोक्यातून काढलेली. १७.३.

आकडा मी वॉर्डात कळवला. मग परत येऊन रजिस्टर काढले, आणि एकसष्टच्या ओळीवर पट्टी आडवी ठेवली. त्या रजिस्टरवर मी पट्टी आडवी ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती.

कॅल्शियम १३.६, वर लाल रेघ. शेजारी मॅग्नेशियम १.९, अगदी योग्य. त्याच्या शेजारी फॉस्फरस १.७. तो अडीचच्या खाली नसावा.

जानेवारीत नळाच्या पाण्याने खराब झालेल्या नऊ नमुन्यांच्या नोंदी मी पुन्हा पाहिल्या. त्या नवांतही कॅल्शियम वाढले होते, पण सोबत मॅग्नेशियमही वाढले होते, कारण आमच्या पाण्यात दोन्ही आहेत. फॉस्फरस एकाचाही कमी झाला नव्हता. होणारच नाही. नळीतल्या क्षाराने रक्तातले फॉस्फरस कमी होईल, असे कोणतेही पाणी या पृथ्वीवर नाही. कॅल्शियम चढलेले आणि फॉस्फरस उतरलेले, हे चित्र एका विशिष्ट रोगाचे आहे. परीक्षेत मला त्यावर प्रश्न आला होता, आणि पूर्ण गुण मिळाले होते.

डॉ. मोहरील वॉर्डातून आले तेव्हा मी त्यांच्या खोलीतच बसले होते. रजिस्टर उघडे होते. त्यांनी उभ्याउभ्याच ती ओळ वाचली, आणि मग कपाटाची किल्ली काढली. पाकीट फोडताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"एकसष्ट," ते म्हणाले. "हो. तोच."

"पॅराथायरॉइड?"

"दुसरं काय असणार." ते खुर्चीत बसले. "गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यातली एक वाढते आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत राहते. माणूस थकतो, रडतो, खडे होतात. दर वेळी आपण खडा काढतो आणि घरी पाठवतो. मीही तेच केलं."

"एप्रिलमध्ये कळलं असतं तर?"

"तर ग्रंथी काढायची. तासाचं काम असतं."

"आणि आता?"

"मूत्रपिंडं बंद पडली आहेत. सलाइन चालू आहे, पण लघवीचा थेंब नाही. जिल्ह्याला डायलिसिसला पाठवायचं, तर वाटेत जाईल." ते थांबले. "पण एका महिन्यात तेराचं सतरा कसं झालं, ते मला कळत नाही. ऊन आहे, उलट्या आहेत, तरीसुद्धा..."

मी त्यांना गोळ्यांबद्दल सांगितले. किती पाकिटे, रोज किती, कोणत्या तारखेपासून, तेही सांगितले. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"हे कुठे बोलू नका," ते शेवटी म्हणाले. "बाईंना तर नाहीच. त्यांना काय कळणार आहे त्यातलं?"

मी वॉर्डात गेले. देवमन खाटेवर पडला होता. ओठ फुटले होते, आणि उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटे एकमेकांना चिकटवून तो हवेत काहीतरी काढत होता. पंचफुलाबाई उशाशी बसून ओल्या फडक्याने त्याचे कपाळ पुसत होती.

"पाहा ना म्याडम," ती म्हणाली, "बोर्ड रंगवून रायले."

"काय लिहिताहेत?"

"आता ते वाचता येत नाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो गेला.

पंधरा दिवसांनी पंचफुलाबाई कामावर आली. कपाळ मोकळे होते, त्यामुळे ते अधिकच रुंद दिसत होते. मोरीपाशी जाण्याआधी ती माझ्या टेबलाशी आली आणि रुमालाची एक गाठ सोडून समोर ठेवली. आत गोळ्यांची दोन पाकिटे होती, न फोडलेली.

"उरल्या," ती म्हणाली. "बाकी साऱ्या त्याईनं इमानदारीनं खाल्ल्या. दुसऱ्या कोनाच्या कामी येतीन म्हून वापस आनल्या."

मी तिला बसायला सांगितले. ती स्टुलावर बसली नाही, जमिनीवर बसली, म्हणून मीही खुर्ची सोडून खाली बसले. मग मी तिला सर्व सांगितले. सोप्या शब्दांत, क्रमाने, काहीही न वगळता. एकसष्ट क्रमांक कुणाचा होता, तो आकडा खरा होता, शेजारच्या रकान्यात त्याचा पुरावा होता, आणि त्यानंतर मी कोणत्या गोळ्या दिल्या. हे सांगताना माझा आवाज स्थिर होता. याची मला नंतर सर्वांत जास्त लाज वाटली.

ती पाकिटांकडे पाहत होती.

"नंबर कोनाचा होता ते मले मालूम होतं," ती म्हणाली. "म्याच त्याईले आनलं होतं रक्त द्याले. टूबही म्याच देली हातात."

"त्या दिवशी तुम्ही नळाचं पाणी वापरलं नव्हतं."

"नाई."

"तरी कबूल केलंत. माझ्या धाकाने?"

"भेव तं होतंच. रोजंदारीचं मानूस मी. पन भेवानं नाई." तिने पायाच्या अंगठ्याने फरशीवरचा पांढरा डाग घासला. "त्याईची टूब म्हून तीनदा धुतली होती म्या. उजेडात धरून पाह्यली होती. मले पक्कं मालूम होतं. पन तुमी म्हनलं, टूब खराब असंन तं मानसात काई नसते. म्हनलं, मंग माह्यीच चूक निंघू दे बाप्पा. माह्यी चूक निंघाली तं ते चांगले हायेत."

नळाचा थेंब पडला. काही वेळाने दुसरा पडला.

"घरी जाऊन सांगतलं त्याईले," ती म्हणाली. "म्हनलं, तुमाले काईच नाई, माह्यीच टूब खराब होती. लय दिवसानं हासले. म्हने, अकरा वर्सं साऱ्या गावाच्या टूबा धुतल्या तुनं, अन् नेमकी नवऱ्याचीच खराब धुतली काय?"

  त्या वर्षभरात मी यंत्रावर शंका घेतली होती. रसायनांवर, पाण्यावर, गावाच्या समजुतींवर, कुळथावर आणि पानफुटीवरही घेतली होती. तिच्या नकारावर तर लगेच घेतली होती. तिच्या कबुलीवर मात्र घेतली नाही, कारण ती माझ्या अंदाजाशी जुळत होती.

अभ्यास पुढे छापून आला. त्यात रुग्ण एकोणऐंशी आहेत, आणि तळटीप आहे की एक नमुना दूषित असल्याने वगळला. माझे नाव त्यावरून काढा, असे मी डॉ. मोहरील यांना लेखी कळवले. ते त्यांनी केले. तळटीप तशीच आहे.

पण ते नंतर. त्या सकाळी पंचफुलाबाई उठली, आणि गोळ्यांची पाकिटे तिने स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग तिने पाठमोरीच विचारले, "म्याडम, त्या वहीत तुमी लाल पेन्सिलीनं लिवलं होतं. टूब खराब म्हून."

"हो."

"ते तसंच हाय?"

"तसंच आहे."

"खोडता येत नाई?"

"खोडता येत नाही. नियम आहे. पण खाली लिहिता येतं."

"मंग लिवा," ती म्हणाली.

मी रजिस्टर काढले. ती हात पदराला पुसून शेजारी उभी राहिली. लाल रेघेखाली जेमतेम अर्ध्या इंचाची जागा होती. तिथे मी लिहिले, 'नळी स्वच्छ होती. नमुना शुद्ध होता. मूळ आकडा बरोबर आहे.' सही केली, तारीख घातली.

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवले. तिने मान हलवली.

"अन् त्याईचं नाव?"

रजिस्टरमध्ये नाव लिहायचे नसते. एकशेवीस ओळींत कुठेही नाव नव्हते. मी ६१ या आकड्याच्या पुढे, समासात, लहान अक्षरांत लिहिले: देवमन सखाराम तायडे. सकाळचे अकरा वाजले असतील. पंखा बंद होता, हाताला घाम होता, आणि समास अरुंद असल्याने आडनाव खाली उतरले.

ती वाकून त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिली.

"अक्षर काई बरं नाई तुमचं," ती म्हणाली. "त्याईनं चांगलं काढलं असतं."